चाळीस सेंटिमीटरच्या आत

४ मार्च

चि. बडबडी,
मामाचे पोटभर आशीर्वाद.

आधी एक सांगतो. हे पत्र तुझ्या हातात पडायच्या आधी कुणीतरी साहेब उघडून वाचणार आहेत म्हणे. साहेब, नमस्कार. चष्मा लावून बसा, माझं अक्षर वाईट आहे.

तर बातमी अशी, की तुझ्या मामाला पुन्हा कामावर बोलावलंय! रिटायर होऊन दोन वर्षं झाली, मामी मला घरात बघून बघून कंटाळली होती. परवा लष्करी डेपोची जीप दारात आली. मोठे साहेब म्हणाले, "करार झालाय. क्षेपणास्त्रं गेल्या महिन्यात जाळून संपवली, आता डागायच्या चोवीस गाड्या कापायच्या आहेत. जोडल्यात तुम्ही, ते पोलाद तुम्हालाच माहीत, तेव्हा कापायलाही तुम्हीच या." मी चहा अर्धा टाकून निघालो.

तू दुभाषी म्हणून सीमेपलीकडे त्यांच्या गाड्या मोजायला गेलीस, आणि त्यांची माणसं इकडे आमच्या मोजायला आलीत. सहा जण आहेत. त्यांची प्रमुख एक उंच बाई, कमरेला सतत मोजायची टेप. मी तिचं नाव टेपबाई ठेवलंय. हसत नाही. पहिल्याच दिवशी माझ्या लोखंड कापायच्या टॉर्चची नळीसुद्धा मोजून घेतली.

आता खरी गोष्ट. कराराप्रमाणे तेवीस गाड्या मधोमध कापून प्रेसखाली चपट्या करायच्या. पण दोन्ही देशांना एकेक गाडी लोकांच्या कामासाठी ठेवता येते. अट एकच, तिचं मागचं टोक कापायचं. तुला हे पाठ असेल, पण वाचणाऱ्या साहेबांसाठी सांगतो. त्या टोकाला जाडजूड बिजागरी असते, तिच्यावर क्षेपणास्त्राची आडवी नळी उभी राहते. टोक गेलं की नळी उभी करणार कशावर? मग ती गाडी नुसती आठ चाकांची दणकट गाडी.

मी सतरा नंबर मागून घेतली. मोठ्या साहेबांनी सही केली, पाणीखात्याने सही केली. तिच्यावर बोअर मारायचं यंत्र बसणार आणि ती सगळ्यात आधी जाणार माझ्या सासरवाडीला, वरच्या वाडीत. तिथला चढ साध्या ट्रकच्या बापाला चढत नाही, म्हणून आजवर बोअर नाही. तुझी मामी पंचवीस वर्षं मला ऐकवत आलीय, "तुमची गाडी म्हणे कुठलाही डोंगर चढते. माझ्या आईच्या दारात काही चढली नाही ती." आईंचं वय एक्याऐंशी. अजून खालच्या झऱ्यावरून पाणी वर नेतात. काल मामीला सांगितलं तर ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी घासत बसली. भांडी आधीच घासलेली होती.

तीस एप्रिलपर्यंत सगळं मोजून, सह्या होऊन संपलं पाहिजे. जी गाडी राहील ती अख्खी प्रेसखाली.

तुझा,
मामा


११ मार्च

प्रिय मामा,

तुझं पत्र वाचणाऱ्या साहेबांनी समासात "अक्षर ठीक आहे" असं पेन्सिलीने लिहून पाठवलंय. तू त्यांना खिशात घातलंस!

इकडे मोबाइल फाटकावर काढून घेतात, म्हणून ही पत्रापत्री. मला आवडायला लागलीय. आमची खोली वर्कशॉपच्या वरच आहे. सकाळी सातला खाली कटरचा आवाज सुरू झाला की माझं पांघरूण थरथरतं. दिवसभर मी दोन्हीकडच्या माणसांच्या मधे उभी राहून बोलते. बडबडीला बडबडीचा पगार मिळतोय म्हटल्यावर आई किती हसली असेल तू विचार कर.

इकडेही एक तू आहेस! खरंच सांगते. त्यांचा मुख्य वेल्डर, सत्तरीचा, मोठ्या मिशा, त्यातली डावी बाजू ठिणग्यांनी कायमची आखूड झालेली. मी त्यांना मिशीवाले आजोबा म्हणते. त्यांनीही एक गाडी मागून घेतलीय, जंगलातली आग विझवायला तिच्यावर पाण्याची टाकी बसवणार आहेत. तिला हात लावताना ते आधी हात पुसतात.

आता नीट ऐक, मामा. मागच्या आसापासून टोकापर्यंत चाळीस सेंटिमीटरच्या आत. त्याच्यावर केसभरही नाही. आणि कापून झालं की हात खिशात! मी तुला ओळखते. आमच्याकडे जेवायला आलास की जेवण राहतं बाजूला आणि तू दाराच्या कड्या सरळ करत बसतोस. तिकडे असं काही करू नकोस. वरच्या वाडीच्या आजींना पाणी मिळालेलं मला बघायचंय.

मामीला माझी गळामिठी दे. देताना लाजू नकोस.

तुझी,
बडबडी


१८ मार्च

चि. बडबडी,
अनेक आशीर्वाद.

कापली गं बाई, सतरा नंबर कापली! टेपबाई तीन पावलांवर उभी, काळा चष्मा लावून. मी खडूने रेघ मारली, तिने मोजली, मी पुन्हा मोजली. साडेएकोणचाळीस! अर्धा सेंटिमीटर हातात ठेवून. म्हटलं परवानगी आहे तेवढी गाडी वाचवू, उगाच आखूड कशाला करा. टोक खाली पडलं तेव्हा अख्ख्या शेडची फरशी हादरली. ती बिजागरी मी सत्तावीस वर्षांपूर्वी जोडली होती. माझा टाका कुठेही सुटलेला नव्हता, हे मात्र मी टेपबाईला दाखवलं. तिने मान हलवली. हसली नाही.

लोक विचारतात, वाईट वाटत नाही का? थोडं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण तुला सांगतो, इतकी वर्षं त्या गाड्या सरावासाठी बाहेर निघाल्या की मी फाटकाकडे बघत बसायचो. आज सराव आहे की खरं आहे, हे आम्हाला कधीच सांगत नसत. संध्याकाळी परत आल्या की जीव भांड्यात पडायचा. आता ते फाटकाकडे बघणंच संपलं. मी शेडमध्ये शीळ घालतो. मोठे साहेब म्हणाले, "तुम्हाला शीळ येते हे तीस वर्षांत कळलं नाही."

बाकीच्या गाड्यांचं काम जोरात आहे. सगळ्या कापून झाल्या की शेवटी टेपबाई एकेक पुन्हा मोजणार आणि सह्या करणार. तोवर सतरा नंबर कोपऱ्यात उभी आहे. दुपारच्या सुट्टीत मंडळी जेवायला जातात तेव्हा मी तिची थोडी साफसफाई करतो, एवढंच.

वरच्या वाडीत बातमी पोचलीय. मामीच्या भावाने गाडी उभी राहायला जागा सपाट करायला घेतली. आई रोज त्याला उभं राहून सूचना करतात.

गळामिठी दिली. "डोकं फिरलं का तुमचं?" म्हणाली, पण हसत होती.

तुझा,
मामा


२३ मार्च

मामा,

साफसफाई म्हणजे काय?

काल आमच्या तपासणी पथकाच्या साहेबांना निरोप आला की तुमच्याकडची तपासणी थांबवली आहे. एक गाडी सहा सेंटिमीटर जास्त भरली. नंबर सांगितला नाही. मला सांगायची गरजही नाही. तू काय करून बसलास? खरं खरं लिही.

बडबडी


२७ मार्च

चि. बडबडी,

खरं लिहितो.

ज्योतीने कापलेली कड कशी दिसते तुला माहीत नाही. दातेरी. जागोजागी वितळलेल्या लोखंडाचे थेंब लोंबतात. मी रोज तिच्यासमोरून जायचो आणि माझे हात शिवशिवायचे. पहिल्या दिवशी नुसती ग्राइंडरने घासली. मग बघितलं तर सांगाड्याच्या तुळया आतून पोकळ, उघड्या तोंडाच्या. पाऊस आत जाणार, पाच वर्षांत गंजून सडणार. म्हणून दुसऱ्या दिवशी तोंडावर एक सेंटिमीटर जाडीची पट्टी लावली. काय सुंदर बसली गं! बोट फिरवलं तरी सांधा कळू नये. मग म्हटलं, डोंगरात गाडी कुठे चिखलात रुतली तर ओढायची कशी? म्हणून एक हूक लावला. साडेपाच सेंटिमीटरचा. छोटासाच.

मी म्हटलं, मोजायची ती गाडी. पट्टी म्हणजे काही गाडी नाही, झाकण आहे. आणि हूक तर कुठेही हूकच असतो!

टेपबाईने टेप लावली. शेहेचाळीस. तिने पुन्हा लावली. मग तिच्या दुभाष्याने मला समजावलं. झाकण असो की हूक, टोक म्हणजे टोक. आणि एवढ्या दणकट पट्टीवर उद्या पुन्हा बिजागरी बसवता येईल. मी म्हटलं, येईल काय, सहज येईल, माझं वेल्डिंग आहे ते! मोठ्या साहेबांनी कपाळावर हात मारला.

मी म्हटलं, द्या इकडे कटर, आत्ता कापतो. तर तेही चालत नाही. कापलेल्या गाडीला पुन्हा वेल्डिंग केलं की करारात त्याला "पुन्हा जोडणी" म्हणतात, आणि ते प्रकरण दोन्ही देशांच्या समितीकडे जातं. तोवर बाकीच्या तेवीस गाड्यांच्या सह्याही अडकल्या. माझ्या एका हुकापायी! समितीने नाही म्हटलं तर सतरा नंबर प्रेसखाली. पेपरात येईल, करार मोडला. कुणी मोडला? तर मामांनी.

मामीला अजून सांगितलेलं नाही. काल तिच्या भावाचा फोन आला होता, जागा सपाट झाली म्हणून. मी शेजारी बसून ऐकत होतो. तिने मला खूण करून विचारलं, गाडी कधी येणार? मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

तू सांगितलं होतंस, हात खिशात. मला वाटलं भाजू नये म्हणून सांगतेस.

मामा


५ एप्रिल

प्रिय मामा,

आधी मामीला सांग. आजच सांग. मग पुढचं वाच.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी रडले, मग हूक आठवून हसले, मग पुन्हा रडले. दुपारी चक्कर मारायला खाली वर्कशॉपमध्ये गेले. मिशीवाल्या आजोबांची गाडी दाराशी उभी होती. तिला आमच्या साहेबांनी कापल्या दिवशीच मोजून सही करून टाकलीय, त्यामुळे पुन्हा कुणी तिच्याकडे बघणार नव्हतं. मी सहज मागे जाऊन बघितलं.

मामा, पट्टी होती. कोपरे गोल केलेले, सांधा दिसत नव्हता, वर निळा रंग. आणि एका बाजूला पाय ठेवून चढायला छोटी पायरी!

मला धड आनंद होईना, धड दुःख होईना. मी दुभाषी. माझं काम बोललेलं सांगायचं, बघितलेलं नाही. गप्प राहिले असते तर आजोबांची गाडी सुखाने जंगलात गेली असती आणि तुझी प्रेसखाली. बोलले तर कदाचित दोन्ही प्रेसखाली. आणि मी तुझ्यासाठी बोलतेय की करारासाठी, हे माझं मलाच कळेना. दोन दिवस जेवण गेलं नाही.

शेवटी आधी आजोबांकडेच गेले. त्यांना तुझी सगळी गोष्ट सांगितली, हुकापर्यंत. मला वाटलं, चिडतील. त्यांनी ग्लोव्ह्ज काढले, स्टुलावर बसले, आणि पहिला प्रश्न काय विचारावा? "पट्टी किती जाडीची लावली त्याने?"

मी म्हटलं, एक सेंटिमीटर.

"मी बारा मिलिमीटरची लावली," म्हणाले. मग हसायला लागले ते थांबेनातच. डोळे पुसत म्हणाले, "सांग जाऊन तुझ्या साहेबांना. मोजायला आलात ना एवढ्या लांबून? मग मोजा." मी विचारलं, तुमची गाडी गेली तर? म्हणाले, "गेली तर त्या माणसाची एकट्याची जायला नको."

मी सांगितलं. साहेबांनी मोजलं. सत्तेचाळीस भरली! पायरीमुळे. तुझ्यापेक्षा एकाने जास्त.

मंगळवारी समिती बसतेय, दोन्ही गाड्यांवर एकदमच. मला तिथे बोलायचं आहे, म्हणजे दुसऱ्यांचं बोलायचं आहे.

तुझी,
बडबडी


१७ एप्रिल

चि. बडबडी,
लाख आशीर्वाद! दोन लाख घे!

निकाल तुझ्याच तोंडून पहिल्यांदा बोलला गेला हे मला माहीत आहे, तरी मी माझ्या बाजूने सांगणार. तू अडवू शकत नाहीस.

समितीतून टेपबाई परत आली ती थेट माझ्याकडे. कागद वाचला. दोन्ही गाड्या पुन्हा कापायच्या, या वेळी तीस सेंटिमीटरच्या आत. एक वर्ष त्या टोकाला कुणी हात लावायचा नाही, अधूनमधून येऊन बघणार. आणि कापायचं कुणी? तर त्यांची गाडी मी, माझी गाडी तुझ्या मिशीवाल्याने! कारण लिहिलंय, "आपापलं काम अर्धवट सोडणे दोन्ही कारागिरांना जमत नाही, असे आढळून आले." ही कल्पना कुणाची, विचार. टेपबाईची! वाचून झाल्यावर कागद घडी केला आणि हसली. दात दिसले, मी स्वतः पाहिले.

तो काल आला. डावी मिशी खरंच आखूड आहे. भाषा येत नाही, पण गाडीच्या मागे जाऊन माझ्या सांध्यावर अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघून डोळे मिटले. मला आणखी काय पाहिजे? मग मला पिवळ्या रेघेमागे उभं केलं. कटर पेटवला, आणि बडबडी, काय घाणेरडं कापलं त्याने! मुद्दाम! वाकडं नव्हतं, माप चोख, पण कड अशी की बघवेना. थेंबावर थेंब. मी खिशात हात घालून उभा, आणि तो मधेच वळून बघायचा आणि खो खो हसायचा. टेपबाईने मोजलं. एकोणतीस. सही झाली. बाकीच्या तेवीसांच्याही झाल्या. शेडमध्ये कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळेच वाजवायला लागले, त्यांचे सहा जणसुद्धा.

मामीला मी त्याच दिवशी सांगितलं होतं, तुझं पत्र आलं तेव्हा. ती ऐकून घेऊन म्हणाली, "हूक लावलात ते बरोबरच केलंत. तिकडे चिखल फार आहे." बाई माणूस आहे की काय आहे! मी कोसळलोच तिच्यासमोर.

उद्या मी तिकडे निघतोय, त्याची निळी पट्टी कापायला. तो हसला तसा मीही हसणार. दारात उभी राहा.

तुझा,
मामा


२ जून

बडबडी,

या वेळी मी लिहिते. तुझ्या मामांना लिहायला बसवलं होतं, पण दोन ओळी झाल्या की उठून गाडीकडे जातात.

आम्ही आठ दिवस वरच्या वाडीत आहोत. गाडी चढली. शेवटच्या वळणावर मी डोळे झाकून घेतले होते, उघडले तेव्हा ती आईच्या अंगणासमोर उभी. परवा सकाळी बोअर सुरू केली. नव्वद फुटांवर दगड लागला, दीडशेवर नुसती धूळ. यंत्रवाला म्हणाला, बंद करू या. हे म्हणाले, "अजून थोडं." मी म्हटलं, राहू द्या हो, एवढं केलंत तेच पुष्कळ झालं. मनातून मी हरले होते, तुला सांगायला काय हरकत आहे. दोनशे दहावर आवाज बदलला. मग चिखल आला, मग गढूळ पाणी, मग बघता बघता नितळ. मी तशीच जाऊन धारेखाली उभी राहिले, नव्या साडीसकट. माझ्यामागून वाडीतल्या सगळ्या बायका. ओरडून ओरडून आमचे घसे बसले.

त्या मागच्या कडेपाशी मी स्वतः पाट टाकून बसते, यांनी कानस घेऊन येऊ नये म्हणून. दिवसातून तीनदा येतात, नुसतंच बघतोय म्हणतात.

काल संध्याकाळी आई गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारून आली. तिला वेळ लागला, आठ चाकं आहेत. पाण्याचा तांब्या हातात होता. यांना विचारलं, "जावईबापू, एवढी मोठी गाडी आधी काय काम करायची?"

मी यांच्याकडे बघितलं. एरवी गाडीबद्दल कुणी विचारलं तर पल्ला, वजन, नळी, सगळं तोंडपाठ सांगतात. या वेळी नुसते चाकावर हात ठेवून उभे राहिले.

"काही नाही, आई," म्हणाले. "सत्तावीस वर्षं नुसती उभी होती."

"अगंबाई," आई म्हणाली, "मग दमली नसेल." आणि शेजारच्या वाडीलाही पाणी नाही, उद्या तिकडे न्या, असं सांगून आत गेली.

आम्ही उद्या तिकडे निघतोय.

तुझी,
मामी